सावडीला आलेले

१

रेखाची गाडी गराजमधून बाहेर पडली, की उल्हासराव बोलायला लागत. आधी नाही. बायकोसमोर ते टोस्टवर गुपचूप लोणी लावत बसायचे. पण गराजचं दार खडखडत खाली आलं, की टेबलाच्या पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज यायचा आणि माझ्या हातातला पेपर जड व्हायचा.

"ताई, डेट्रॉइटचं कुठे चुकलं सांगू?"

काल सांगितलं होतं. परवाही सांगितलं होतं. मी नागपूरच्या एका दैनिकात उभा जन्म बातमीदारी केली. विधानसभेची अधिवेशनं ऐकली, महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या सभेत एकदाही डोळा लागू दिला नाही. पण तिथे निदान ऐकण्याचा पगार मिळत होता.

उल्हासराव माझ्या धाकट्या बहिणीचे, रेखाचे, यजमान. मिशिगनमध्ये नोव्हायला त्यांचं घर. एका मोटार कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होते. जपानी गाड्या खपायला लागल्या, इथल्या कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली, आणि सत्याऐंशीच्या मार्चमध्ये उल्हासरावांना त्यांचं टेबल एका खोक्यात भरून घरी पाठवून दिलं. मी निवृत्त होऊन नुकतीच बहिणीकडे आले होते. रेखा दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. घरात आम्ही दोघं, एक बोलणारा आणि एक ऐकणारी.

माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट माणसाशी मला छान भांडता येतं.

२

अमेरिकेतल्याच आयसेलिन गावाहून एक मराठी पाक्षिक निघायचं. त्याचा संपादक गिरीश मला अधूनमधून फोन करी.

"मालिनीताई, तुमच्या इकडे कुठल्या कंपनीने जपानमधून अख्खं घर आणलंय म्हणे. एक मस्त फीचर करा. आणि प्लीज, ह्या वेळी कोणाशी भांडू नका."

"मी भांडत नाही. मी प्रश्न विचारते."

"तेच ते. विचारू नका. वर्णन करा, यार."

घर खरंच आणलं होतं. जपानमध्ये कुठल्याशा दुर्गम डोंगरात माणसाच्या डोक्यावरून बर्फ पडतो. तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं अशी घरं बांधली, की छप्पर नमस्काराला जोडलेल्या हातांसारखं उभं, बर्फ टिकूच नये. एक खिळा नाही, सगळं दोरांनी बांधलेलं. तिकडे अशी गावं आता जपून ठेवली आहेत. हे घर मात्र ज्या गावातलं होतं ते धरणाखाली गेलं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीने त्याचे वासे सोडवले, जहाजात घातले आणि नोव्हायच्या पलीकडे मक्याच्या शेताशेजारी पुन्हा उभे केले. डेट्रॉइटमधल्या लोकांचा राग जरा निवावा म्हणून. चार रोजगार काढून घ्यायचे आणि बदल्यात एक झोपडी दाखवायची!

त्याहून संताप मला आमच्या महाराष्ट्र मंडळाचा आला. कंपनीला छप्पर शाकारायला माणसं हवी होती, आणि आमचे सेक्रेटरी विनय यांनी परस्पर 'श्रमदान-कम-पिकनिक' जाहीर करून टाकलं.

"कोट्यधीश कंपनी आणि मजूर फुकटचे?" मी विनयला फोनवर विचारलं.

"ताई, फन आहे. मुलांना कल्चर कळेल."

"कोणाचं?"

"कोणाचंही. कल्चर इज कल्चर."

३

रविवारी आम्ही सगळे गेलो. कंपनीच्या मिसेस ओनो, निळा सूट घातलेल्या ठेंगण्या बाई, दाराशी उभ्या राहून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होत्या. त्यांनी माहिती सांगितली. त्या गावात छप्पर एकट्याने शाकारायचं नाही. अख्खं गाव येतं, राबतं, आणि मग त्या घराने प्रत्येकाच्या कामाला परत जायचं.

"म्हणजे सावड," मी म्हणाले. आमच्या गावीही हेच होतं. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या.

"पण गावच नाही, तर परत कामाला जाणार कोण?" हा प्रश्न मी विचारलाच. गिरीशला काय कळतं.

"म्हणून आम्ही जेवण ठेवलं आहे," मिसेस ओनो म्हणाल्या. "जेवलं की देणं मिटलं. कृपा करून प्रत्येकाने थोडं तरी खा."

आता आमचं मंडळ कुठेही गेलं तरी आपलं जेवण बरोबर नेतं. मंडळातल्या सीमाताईंनी दोन ट्रे बटाटेवडे आणले होते. कंपनीच्या डब्यांत भात होता, लोणच्यासारखं काहीतरी होतं, आणि कोपऱ्यात एक तुकडा होता ज्याला डोळा होता.

"नो नो, थँक यू," विनय म्हणाले. "वी हॅव अवर ओन फूड."

"नुसता भात?" मिसेस ओनो म्हणाल्या. "एक घास?"

"माशाला लागलेला असतो हो," सीमाताई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मला मासा चालतो. पण ज्याची बातमी करायची त्याच्या घरचं अन्न खायचं नाही, हा माझा नियम. मीही हात जोडले. मिसेस ओनोंनी सगळे डबे पुन्हा एकावर एक रचले. त्यांचा चेहरा मला त्या वेळी नुसता हिरमुसलेला वाटला.

४

लोक गवताच्या पेंढ्या हातोहात वर पोचवत होते. मी आत शिरून माळ्यावर चढले. काय लपवलंय ते पाहायला वर चढायचं असतं. माळा काळोखा, वासे धुराने काजळून गुळगुळीत झालेले, आणि धुराचा वास असा, की चूल आत्ताच विझवली असावी.

तेवढ्यात समोरच्या गवतातून एक हातभर लांबीचं लाकडी दाभण आत आलं. त्यात दोर ओवलेला. ही पद्धत मी खाली पाहिली होती. बाहेरचा दाभण खुपसतो, आतल्याने दोर बांबूभोवती फिरवून पुन्हा ओवायचा, बाहेरचा ओढून घेतो. हातात आलेलं काम मी टाकत नाही. दोर ओवला. दाभण सर्रकन मागे गेलं आणि वीतभर बाजूने परत आत आलं.

छान जमलं. बाहेरचा कोणी का असेना, तरबेज होता. हात चालू लागले की तोंड चालतं. मी त्याला गावाकडची सावड सांगितली, मग मंडळाची निंदा केली. तो गवतापलीकडून "हं" म्हणायचा. आमच्यापैकीच कोणी पोरगा असेल, असं मी धरून चालले.

"तुमचं बरं आहे," मी म्हणाले. "मला मदत लागते ती वेगळीच. आमचे उल्हासराव दिवसभर बोलतात. ते ऐकायला कोणी चार जण आले, तर माझी सुटका होईल."

दाभण अर्ध्यातच थांबलं.

"हं," तो म्हणाला. आणि मग, जरा बाजूने, आणखी कोणीतरी म्हणालं, "हं."

५

मंगळवारी विनयचा फोन आला. रविवारी पेंढ्या पोचवताना ते म्हणाले होते, दारातल्या मेपलची पानं पन्हळीत पडून जीव नको करतात.

"ताई, तुम्ही येऊन बघा."

जाऊन पाहिलं. जुलैचा महिना, शेजारीपाजारी सगळी झाडं हिरवीगार, आणि विनयच्या दारातल्या मेपलवर एक पान नव्हतं. पन्हळीही स्वच्छ. पानांच्या पेंढ्या बांधून भिंतीशी ओळीने उभ्या केल्या होत्या, देठ सगळे एका बाजूला.

"जपानी सर्व्हिस," विनय म्हणाले, पण हसू अर्ध्यातच थांबलं. "थोडं जास्तच थरो आहेत, नाही?"

मग सीमाताईंकडे गेले. त्यांनी रविवारी फ्रीझर रिकामा करायचाय अशी तक्रार केली होती. तो रिकामा झाला होता. वाटाणे, बर्फ, बर्फाचे साचे, कप्पे, आतला दिवा. दाराचं रबरसुद्धा. सगळं ओट्यावर घासूनपुसून मांडलेलं. सीमाताई खुर्चीत बसून वारा घेत होत्या.

"काही नेलं नाही हो," त्या म्हणाल्या. "नेलं असतं तर पोलिसांना तरी बोलावलं असतं."

मी चिडले. साहजिक आहे. कंपनीची माणसं लोकांच्या घरात शिरतात, हा सरळ गुन्हा आहे. आणि दुसरं म्हणजे, दुपारभर मीही राबले होते, माझ्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. हेही खरं सांगून टाकते.

"विनय, छपरावर माझ्या बाजूला बाहेरून कोण होतं?"

"तुमची बाजू कुठली?"

"उत्तरेची."

"तिथे कोणी नव्हतं. त्या बाजूला परांचीच बांधली नव्हती, ताई. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं होतं, व्हॉलंटिअर्स फक्त साउथला."

परांची नाही, तर माणूस दोन मजले उंचीवर उभा कशावर राहील? शिडी असेल, मी मनाशी म्हटलं. शिडीला इन्शुरन्स लागत नसेल. बातमीदाराचं डोकं असं चालतं. दुसरा कोणी असं म्हणाला असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

६

मी घरी आले तर घरात शांतता होती. इतकी, की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. उल्हासराव डायनिंग टेबलाशी नव्हते. बेसमेंटमधून बोलण्याचा आवाज येत होता.

मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाच्या घडीच्या खुर्च्या आमच्या बेसमेंटमध्ये ठेवलेल्या असतात. त्या उघडून रांगांत मांडल्या होत्या. पुढे उल्हासराव उभे राहून, एक हात खिशात घालून, कार्ब्युरेटरविषयी सांगत होते. खुर्च्या रिकाम्या होत्या.

"कोणाशी बोलताय, उल्हासराव?"

"ताई, या ना. बसा मागे कुठेतरी." चेहरा असा खुललेला, की मार्चपासून मी तो तसा पाहिला नव्हता. "काय ऐकतात हो! मध्ये एक शब्द बोलत नाहीत."

"कोण?"

त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सवयच गेली होती मला," ते म्हणाले.

मी एका खुर्चीवर बसले आणि ताडकन उठले. बैठक ओली होती. सगळ्या बैठका ओल्या होत्या, पाण्यातून आलेला माणूस बसून उठावा तशा. बेसमेंटमध्ये दमट असतं, मी म्हटलं, आणि वर जाऊन चहा केला. शांतपणे पेपर वाचला. सांगायला लाज वाटते, पण तो आठवडा माझा फार सुखात गेला.

रेखाही खूश होती. "किती शांत झालेत ग हे! तू काय जादू केलीस?"

मग एका संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "अहो, तुम्ही पहिल्यांदा अमेरिकेला आलात तेव्हा विमानतळावर सामान हरवलं, तो किस्सा ताईला सांगा ना."

मी तो पाठ म्हणून दाखवू शकले असते. उल्हासराव घास हातात घेऊन थांबले.

"सांगून झाला तो," ते म्हणाले.

"आम्हाला कुठे?"

"खाली. सांगून झाला." ते काहीतरी शोधत असल्यासारखे भिंतीकडे पाहत राहिले. "आता नाहीये तो."

दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर नव्हता. मग कॉलेजचं हॉस्टेल गेलं. मग आईच्या हातची आमटी. रेखाने लग्नाचा विषय काढला तेव्हा ते तिच्याकडे अगदी सौजन्याने पाहत होते, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे पाहावं तसे. ती ताटावरून उठली आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. नळाच्या आवाजातही मला तिचं रडणं ऐकू आलं.

विनयचं झाड माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

७

मी मिसेस ओनोंना गाठलं. त्या घराच्या ओसरीवर त्या एकट्याच होत्या.

"तुमची माणसं माझ्या बहिणीच्या घरात आहेत," मी म्हणाले. "त्यांना परत बोलवा. नाहीतर मी छापीन."

"आमच्या कंपनीची माणसं सगळी ऑफिसात आहेत," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर हात आपटला. त्या टेबलाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही जेवला नाहीत."

"आता जेवते. आणा तो डबा. डोळ्यासकट खाते."

"काम सुरू झालं ना, आता नाही चालत." त्या वाकल्या, खरंच ओशाळून. "पण काम संपलं की ते निघून जातात. फार कष्टाळू लोक. अर्धवट सोडत नाहीत. त्यांच्याबद्दल कधी कोणाची तक्रार नव्हती."

तेच तर मला ऐकायचं नव्हतं. ऐकण्याचं काम संपतं कधी? समोरच्याकडे सांगायला काही उरत नाही तेव्हा.

मी टॅक्सी केली. गाडी चालवता येत नसल्याचं दुःख मला ह्या देशात त्या एका दिवशी झालं.

घरी पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. बेसमेंटच्या जिन्यावरून उतरताना मी कान दिला. उल्हासराव बोलत होते, पण शब्दांमध्ये लांब लांब अंतर होतं.

"...आणि मग मी... दार लावलं."

मग काही नाही.

बेसमेंटला छताजवळ दोनच लहान खिडक्या. ऊन त्यातून तिरपं येऊन फरशीवर पडलं होतं आणि खुर्च्यांचे पाय तेवढे उजेडात होते. खुर्च्यांच्या वर काळोख होता, म्हणून मला कंबरेच्या वरचं काही दिसलं नाही. गुडघे दिसले. रांगेत, शेजारी शेजारी. गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसले, धुराने काळे झालेले, बोटांवर दोरांचे घट्टे. प्रत्येक खुर्चीखाली पाण्याचं छोटं थारोळं. खिडकीला पडदा आहे, मी मनाशी म्हटलं, सावल्या पडतात. खिडकीला पडदा नव्हता.

मग हात गुडघ्यांवर रेटले गेले, काम आवरून उठणाऱ्या माणसाचे रेटले जातात तसे. एक खुर्ची करकरली. मग दुसरी.

समोर, खिडकीच्या उजेडात, उल्हासराव उभे होते. तोंड किंचित उघडं. डोळे स्वच्छ, त्या मेपलसारखे.

मला माणसाला धीर देता येत नाही. प्रार्थना येत नाही. मला एकच गोष्ट येते.

"उल्हासराव!" मी जिन्यावरून ओरडले. "हे बेसमेंट गळतंय!"

मी आवाज आणखी चढवला.

"इंजिनिअर म्हणवता! फरशीवर बघा, ठिकठिकाणी पाणी! लोकांच्या गाड्या तपासायला जात होतात, आणि स्वतःच्या घराला पाझर फुटलाय तो दिसत नाही? कंपनीने काढलं त्यात नवल काय!"

त्यांची मान हळूच वळली. एक भुवई थरथरली.

"ग... गळत नाही," ते म्हणाले.

"गळतंय!"

"नाही गळत!" आवाज चिरकला. "काय बोलताय, ताई? भिंतीला बाहेरून मी स्वतः... मी स्वतः..." ते अडखळले. त्यांनी स्वतः काय केलं होतं, ते केव्हाच खुर्च्यांना देऊन झालं होतं. हात अजून गुडघ्यांवर रेटलेलेच होते.

"काय स्वतः? थापा!"

"थापा?" उल्हासराव लाल झाले. वाकून त्यांनी फरशीवर बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं, आणि जन्मात कधी बोलले नव्हते असं काहीतरी बोलू लागले. "हे बघा, हे माझ्या घराचं पाणी नाही! ह्याला गाळाचा वास आहे. भिंतीतून झिरपलं असतं तर चुन्याचा वास आला असता. तुम्हाला काही कळत नाही आणि ठोकून देता! तीस वर्षं पेपरात हेच केलंत का?"

असा अपमान माझा कोणी केला नव्हता. मला रडू येईल असं वाटलं.

अंधारात खुर्च्या पुन्हा करकरल्या, एकामागून एक. उठू लागलेले खाली बसत होते. सांगणाऱ्याकडे नवं काही निघालं होतं, काम संपलं नव्हतं.

"हं," कोणीतरी म्हणालं.

मी तिकडे पाहिलं नाही. पदर खोचला आणि दोन पायऱ्या खाली उतरले.

"गाळाचा वास म्हणे!" मी म्हणाले. "सिद्ध करा."